डेटा घरी आणताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

फोटो, कागदपत्रं, पासवर्ड स्वतःच्या यंत्रावर ठेवण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरातल्या चौघांचे मिळून सुमारे ४०० जीबी फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन सेवेत आहेत. ते इमिच (स्वतःच्या यंत्रावर चालणारं, फोटो सांभाळायचं ॲप) वापरून घरच्या सर्व्हरवर आणायचे आहेत. तयार नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घ्यावा, छोटा पीसी घ्यावा, की घरात पडून असलेला लॅपटॉप वापरावा?

उत्तर : लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असेल तर सुरुवात त्याच्यावरच करा. इमिचला निदान ६ जीबी लागते. चेहरे ओळखणं, शब्द लिहून फोटो शोधणं ही कामं तो तुमच्याच यंत्रावर करतो, काहीही बाहेर पाठवत नाही, म्हणून ही भूक. शोधण्याचं मूळ मॉडेल इंग्रजी शब्दांवर चालतं. बहुभाषक मॉडेल सेटिंगमधून निवडता येतं, पण ते बदललं की सगळे फोटो त्याच्याकडून नव्याने वाचून घ्यावे लागतात. तेव्हा हा निर्णय फोटो भरण्याआधी घ्या.

लॅपटॉपच्या दोन खोडी आहेत. झाकण मिटलं की तो झोपतो, ते सेटिंगमधून बंद करावं लागतं. आणि चोवीस तास चार्जरला राहिला की बॅटरी फुगण्याचा धोका असतो. चार्जिंग ८० टक्क्यांच्या आत थांबवण्याची सोय असेल तर ती लावा, नसेल आणि बॅटरीशिवाय यंत्र सुरू होत असेल तर बॅटरी काढूनच ठेवा.

नवीन घ्यायचंच असेल तर आमचं मत छोट्या पीसीच्या बाजूने आहे. इंटेल एन१०० वर्गातला पीसी रिकामा असताना साधारण १० वॅट ओढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम ८८ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर तोच आकडा ५२५ युनिटवर जातो. तयार नॅस वाईट नाही, पण घेण्याआधी तीन गोष्टी तपासा : रॅम वाढवता येते का, डॉकर (इमिचसारखी ॲप्स सुट्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) चालतो का, आणि नॅसची पेटी बिघडली तर डिस्क साध्या लिनक्स यंत्राला लावून वाचता येतात का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर एका कंपनीच्या हातून सुटून दुसरीच्या हातात गेल्यासारखं होईल.

डिस्कची विभागणी अशी करा. ऑपरेटिंग सिस्टीम आणि इमिचचा डेटाबेस २५० ते ५०० जीबीच्या एसएसडीवर, मूळ फोटो ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर. छोट्या प्रतिमा आणि मोबाइलवर चालतील असे बनवलेले व्हिडिओ यांनी मूळ साठ्याच्या आणखी १० ते २० टक्के जागा व्यापली जाते, ती धरून चला. डेटाबेस नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये किंवा एक्सफॅट डिस्कवर ठेवू नका. पोस्टग्रेसला (इमिच वापरतो त्या डेटाबेसला) फाइलींचे मालक आणि परवानग्या नीट सांभाळणारी फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) हवी असते, एक्सफॅटमध्ये ती सोयच नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम घ्या.

हार्ड डिस्क घेताना डेटाशीटमध्ये सीएमआर (लिहिण्याच्या पट्ट्या सुट्या असलेला प्रकार) लिहिलंय ना, एवढं पाहा. एसएमआर प्रकारात लिहिण्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे थोडं बदलायचं तरी शेजारचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागतो. एकदा भरून ठेवण्यासाठी हे ठीक आहे. पण मिररमधली (एकच साठा दोन्हीकडे लिहिणाऱ्या जोडीतली) एक डिस्क गेली आणि नवी भरायची वेळ आली की काम कासवगतीने चालतं, कधी कधी मध्येच तुटतं. नॅससाठी म्हणून विकलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली उघड झालं होतं. तेव्हा डिस्कवरच्या 'नॅस' या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका.

यूएसबीवरची अडीच इंची डिस्क पोर्टमधूनच वीज घेते. ती कमी पडली की डिस्क लिहिता लिहिता गायब होते आणि लॉगमध्ये पुन्हापुन्हा जोडल्याच्या ओळी दिसतात. बऱ्याच जणांना वाटतं डिस्क खराब निघाली. आधी केबल बदलून पाहा, मग स्वतःचा अडॅप्टर असलेली पेटी लावून पाहा.

प्रश्न : गूगल टेकआउटमधून (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) फोटो उतरवले, पण हजारो फोटोंवर आजचीच तारीख दिसते. शेकडो फोटो दोन-दोनदा आले आहेत. प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइलही आहे. हे निस्तरायचं कसं?

उत्तर : काही बिघडलेलं नाही, आणि त्या जेसन फाइली कृपा करून पुसू नका. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख फाइलच्या आतच असते. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोंत आणि स्क्रीनशॉटमध्ये बहुधा ती नसते. शिवाय तुम्ही स्वतः दुरुस्त केलेली तारीख, नकाशावर हाताने टाकलेली जागा, लिहिलेलं वर्णन, हे सगळं टेकआउट जेसनमध्ये देतं. साध्या कॉपीने फोटो इमिचमध्ये टाकले तर तो फाइलच्या आत तारीख शोधतो, ती नसली की फाइलची तारीख धरतो, आणि ती उतरवल्याच्या दिवसाची असते.

दुहेरी फोटोंचं कारणही सरळ आहे. टेकआउट प्रत्येक फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये देतं आणि तोच पुन्हा अल्बमच्या फोल्डरमध्येही देतं.

आता रीत. उतरवताना फाइलचा आकार ५० जीबी निवडा. सुरुवातीला २ जीबी निवडलेला असतो आणि ४०० जीबीला त्याचे दोनशे तुकडे होतात, त्यातला एखादा राहिला तरी कळत नाही. दुवे साधारण आठवडाभरच चालू असतात, म्हणून वेळेचा हिशोब आधी करा : ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ४०० जीबीला, वेग अखंड मिळाला तरी, अठरा तासांच्या आसपास लागतात. झिप उघडू नका. इमिच-गो नावाचं स्वतंत्र साधन आहे, ते झिप जशीच्या तशी वाचतं, जेसन आणि फोटो यांची जोडी लावतं, दुहेरी फोटो एकदाच चढवतं आणि अल्बम पुन्हा बांधतं. त्याला सगळे तुकडे एकाच वेळी द्या. फोटो तिसऱ्या तुकड्यात आणि त्याचा जेसन सातव्यात असं सर्रास होतं. एकेक तुकडा दिला की जोडी जमत नाही, तारीख हरवते, आणि तुम्ही पुन्हा जिथे होतात तिथेच.

चढवण्याआधी त्याची ड्राय रन ही सोय वापरा. काही न बदलता तो किती फोटोंची जोडी लागली आणि किती सुटले ते सांगतो. सुटलेल्यांची यादी डोळ्यांखालून घाला. लांबलचक नावाच्या फाइलींमध्ये टेकआउट जेसनचं नाव मध्येच कापतं, आणि एकाच नावाच्या दोन फोटोंमध्ये कंसातला आकडा कधी एका जागी, कधी दुसऱ्या जागी घालतं. सुटलेल्यांत हेच जास्त सापडतात.

फोटो कमी दर्जात साठवण्याचा पर्याय कधीकाळी निवडलेला असेल तर टेकआउटमधून तसाच कमी दर्जाचा फोटो मिळेल. मूळ प्रत सेवेकडे उरलेलीच नसते. अशा वर्षांचे फोटो आधी जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डांत शोधा.

आणि ऑनलाइन साठा लगेच पुसायची घाई करू नका. नव्या साठ्याचा बॅकअप झाला आणि तो परत काढून पाहिला, की मगच. पुसताना आधी फोनमधून त्या सेवेचं सिंक बंद करा, नाहीतर वेबवर पुसलेला फोटो फोनमधूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो खरा, पण त्याच्या भरवशावर काही करू नये.

प्रश्न : माझ्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क मिररमध्ये आहेत. एक गेली तरी दुसरी आहे. तरीही सगळे 'बॅकअप घ्या' म्हणतात. हा तिसरा खर्च कशासाठी?

उत्तर : मिरर एकाच संकटापासून वाचवतो : एक डिस्क बंद पडणं. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. चोरी, आग, विजेचा मोठा झटका यांत दोन्ही डिस्क एकाच पेटीत असल्याने एकदमच जातात. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमचे स्नॅपशॉट (साठ्याची त्या क्षणाची नोंद) असतील तर पुसलेलं परत मिळतं, पण तेही त्याच पेटीत राहतात.

निदान तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम आजही पुरतो. घरी मूळ साठा, दुसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर, तिसरी नातेवाइकाच्या घरच्या छोट्या यंत्रावर किंवा भाड्याच्या साठ्यात. भाड्याचा साठा म्हटलं की 'मग खासगीपणा कुठे राहिला' असं बरेच वाचक विचारतात. रेस्टिक किंवा बोर्गसारखं साधन डेटा तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद करून पाठवतं. साठा देणाऱ्याला अर्थ नसलेले तुकडे दिसतात, फाइलींची नावंसुद्धा नाहीत. किल्ली तुमच्याकडे असेल तर डिस्क दुसऱ्याची असण्याने फारसं बिघडत नाही. उलट डिस्क तुमच्या टेबलाखाली आणि त्यातून परत काहीच काढता येत नाही, ही मालकी कागदावरचीच.

रेस्टिकसाठी एक चांगला नियम : शेवटचे ७ दिवस रोजची, ४ आठवडे आठवड्याची, १२ महिने महिन्याची प्रत. यातली 'फर्गेट' आज्ञा फक्त जुन्या प्रतींची नोंद काढते, जागा मोकळी होते ती 'प्रून' चालवल्यावर. महिनोन्महिने फर्गेट चालवूनही साठा का फुगतोय, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं डेटाबेस. चालू पोस्टग्रेसचं फोल्डर नुसतं कॉपी केलं तर अर्धी पानं जुनी आणि अर्धी नवी येतात. कॉपी बिनतक्रार होते, परत चालू करताना मात्र डेटाबेस उभा राहत नाही. म्हणून आधी डंप (डेटाबेसने स्वतः काढून दिलेली पूर्ण प्रत) घ्यायचा आणि त्या डंपचा बॅकअप. इमिच हे काम स्वतःच रोज रात्री करतो आणि शेवटचे १४ डंप आपल्या 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवतो. पण त्या डंपमध्ये फोटो नसतात, फक्त अल्बम, चेहरे, नोंदी असतात. फोटोंचं फोल्डर आणि डंप, दोन्ही न्यावं लागतं. नेक्स्टक्लाउडला (फाइली ठेवायचा स्वतःचा क्लाउड) हे आपोआप होत नाही : आधी त्याला मेंटेनन्स मोडमध्ये टाका, मग डेटाबेसचा डंप, डेटाचं फोल्डर आणि कॉन्फिग फाइल अशी तिन्ही घ्या.

दुसरं, सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याचा अधिकार असणं. सर्व्हरमध्ये कुणी शिरलं तर तो आधी बॅकअपच्या मागे लागतो. रेस्टिकच्या रेस्ट-सर्व्हरला 'फक्त भर घालू दे' असं बजावता येतं, मग सर्व्हर नव्या प्रती टाकू शकतो, जुन्या काढू शकत नाही. प्रून मग त्या पलीकडच्या यंत्रावरूनच चालवायचं. बाहेरची यूएसबी डिस्कही कायम लावून ठेवू नका. दोन डिस्क आलटून पालटून लावल्या तर एक तरी नेहमी सुटी राहते.

तिसऱ्या प्रतीची पहिली भर इंटरनेटवरून करत बसू नका. दुसरं यंत्र घरी आणून स्थानिक नेटवर्कवरून भरा आणि मग जागी नेऊन ठेवा. पुढे रोजचा फरक तेवढा जातो.

तीन महिन्यांतून एकदा परत काढून पाहा. रेस्टिकच्या 'चेक' आज्ञेला साठ्याचा ५ टक्के भाग प्रत्यक्ष वाचून तपासायला सांगता येतं, ते आठवड्याला लावून द्या. पण त्याने फक्त तुकडे शाबूत आहेत एवढंच कळतं. खरी परीक्षा वेगळ्या यंत्रावर : रिकामा लॅपटॉप घ्या, तिथे इमिच नव्याने बसवा, डंप भरा, काही फोटो उघडा. कुठला पासवर्ड कुठे लिहिलेला नाही, कुठली कॉन्फिग फाइल बॅकअपमध्ये आलीच नाही, हे तेव्हाच उमगतं.

प्रश्न : राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरची विनंती सर्व्हरकडे वळवली), डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) लावलं, तरी घराबाहेरून सर्व्हर उघडत नाही. घरात मात्र सगळं चालतं.

उत्तर : राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एक सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते, आणि बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. वॅनचा पत्ता १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पुढे आणखी एक राउटर आहे, बहुधा कंपनीने दिलेला मोडेमच. त्याला ब्रिज मोडमध्ये (तो नुसता दुवा राहतो, राउटरचं काम करत नाही) टाकून पाहा.

पण पोर्ट उघडून इमिच किंवा नॅसचं पान थेट इंटरनेटवर ठेवावं का? आमचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या जगभर दुरून रिकाम्या केल्या गेल्या. त्यांचे अपडेट २०१५ मध्येच बंद झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या हजारो नॅसमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. दोन्ही वेळा मालकांचा अपराध एवढाच की यंत्र बाहेरून दिसत होतं.

वायरगार्ड हा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याचा कुलूपबंद बोगदा) वापरा. तो मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून कर्नलमध्येच आहे. एकच यूडीपी पोर्ट लागतं, सहसा ५१८२०. ओळखीची किल्ली नसलेल्या कुणालाही तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून पोर्ट तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही समजत नाही.

सीजीनॅट असेल तर तीन वाटा. कंपनीने आयपीव्ही६ दिलं असेल तर त्यावरून थेट या, मात्र फोनच्या नेटवर्कलाही आयपीव्ही६ हवं. नाहीतर छोटा भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घ्या आणि घरच्या सर्व्हरने त्याच्याकडे वायरगार्डची जोडणी धरून ठेवावी. यात घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद लावायला विसरू नका, नाहीतर थोडा वेळ शांत गेला की वाट मिटते. व्हीपीएसवर टीएलएस (एचटीटीपीएसचं कुलूप) उघडू नका, घरच्या सर्व्हरवरच उघडा, मग मधल्या यंत्राला मजकूर दिसत नाही. तिसरी वाट टेलस्केल, ही वायरगार्डवर चालणारी तयार सेवा. त्यात मजकूर तुमच्या दोन यंत्रांमध्येच कुलूपबंद जातो, पण कुठली यंत्रं तुमची याची यादी त्यांच्याकडे असते. तेही नको असेल तर तेच काम करणारा हेडस्केल स्वतः चालवता येतो.

काही वाचक क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेल (घरचा सर्व्हर त्यांच्यामार्फत बाहेर दाखवणारी सोय) वापरतात. तो सोपा आहे, फुकट आहे. पण टीएलएस त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, म्हणजे तुमचे फोटो तिथे उघड्या रूपात येऊन पुढे जातात. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच तिथे सुटतं. शिवाय फुकटच्या योजनेत एका विनंतीला १०० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे फोटो चढतात आणि मोठे व्हिडिओ अडतात.

दोन नेहमीच्या अडचणी. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल आणि तुम्ही जिथे बसलात तिथलंही तेच असेल, तर वायरगार्ड जोडलेला दिसतो पण सर्व्हर सापडत नाही. घरचं नेटवर्क १९२.१६८.७७ असं काहीतरी करून टाका. आणि पान उघडतं पण फोटो चढवताना सगळं अडकतं, असं झालं तर वायरगार्डचा एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणून पाहा.

प्रश्न : व्हीपीएसवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून फक्त २२ आणि ४४३ उघडे ठेवले. तरी बाहेरून तपासलं तर डेटाबेसचं ५४३२ उघडं दिसतं. फायरवॉल बिघडला का?

उत्तर : बिघडलेला नाही, त्याला बगल दिली गेली आहे. कंटेनरचं पोर्ट प्रसिद्ध केलं की डॉकर आपले नियम आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतः घालतो आणि आलेलं पाकीट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत जाण्याआधीच कंटेनरकडे वळवतो. यूएफडब्ल्यू मात्र 'सगळं बंद' असंच सांगत राहतो. हे डॉकरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, पण ते वाचेपर्यंत अनेकांचे डेटाबेस उघडे पडलेले असतात.

आजच करा : कंपोझ फाइलमधून (कंटेनर कसे चालवायचे हे लिहिलेली डॉकरची फाइल) डेटाबेस आणि रेडिस (तात्पुरता साठा) यांची पोर्टची ओळ पूर्ण काढून टाका. एकाच कंपोझमधले कंटेनर आपसात नावाने बोलतात, त्यांना ती ओळ लागतच नाही. ज्या सेवेला प्रॉक्सीपर्यंत (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत देणारा मध्यस्थ) यायचं आहे तिच्या पोर्ट क्रमांकाआधी १२७.०.०.१ आणि कोलन (:) घाला, म्हणजे ते फक्त त्याच यंत्रातून उघडेल. डॉकर २८ च्या आधीची आवृत्ती असेल तर ती बदला, जुन्यात असं बांधलेलं पोर्टही त्याच स्थानिक नेटवर्कमधल्या यंत्रांना गाठता येत असे. बाहेर दिसेल तो फक्त कॅडीसारखा प्रॉक्सी, ४४३ वर. मग दुसऱ्या जागेवरून एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारं साधन) चालवून पुन्हा तपासा, आयपीव्ही६ च्या पत्त्यावरही.

डेटाबेस काही दिवस उघडा होता, तर त्याचा पासवर्ड बदला आणि अनोळखी वापरकर्ते किंवा टेबलं दिसतात का ते पाहा. संशय आला तर दुरुस्त करत बसू नका. तो व्हीपीएस सोडून नवा घ्या आणि जुन्या बॅकअपवरून उभा करा.

प्रश्न : पासवर्डही घरच्या सर्व्हरवर ठेवावेत का? व्हॉल्टवॉर्डन (बिटवॉर्डन या पासवर्ड ॲपसाठी घरी चालवायचा सर्व्हर) लावला, पण लॉगिनचं पान फिरत राहतं. आणि सर्व्हर बंद पडला तर पासवर्ड अडकतील ना?

उत्तर : पान फिरत राहण्याचं कारण जवळजवळ नेहमी एचटीटीपीएस नसणं हेच असतं. कुलूप लावण्या-उघडण्याची ब्राउझरची सोय सुरक्षित जोडणीवरच चालते. सर्व्हर इंटरनेटवर नसला तरी लेट्स एनक्रिप्टचं, एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र मिळतं : स्वतःचं डोमेन घ्या आणि डीएनएस-०१ (डोमेनच्या नोंदीतून मालकी दाखवण्याची) पद्धत निवडा, तिच्यात एकही पोर्ट उघडावं लागत नाही. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद मात्र सार्वजनिक होते. 'पासवर्ड' असं उपडोमेन जगजाहीर करायचं नसेल तर वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनांना चालणारं) प्रमाणपत्र घ्या.

सर्व्हर बंद पडला तरी फोन आणि लॅपटॉपवरच्या बिटवॉर्डन ॲपमध्ये शेवटच्या सिंकची कुलूपबंद प्रत असते. पासवर्ड वाचता येतात, नवे घालता येत नाहीत. त्या काळात ॲपमधून लॉगआउट मात्र करू नका, ती प्रत त्याबरोबर जाते.

स्वतःचं आणि घरच्यांचं खातं उघडून झालं की नवी नोंदणी बंद करा. बॅकअपमध्ये एसक्यूलाइट या त्याच्या डेटाबेसची फाइल तिच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने घ्या, सोबत जोडलेल्या फाइलींचं फोल्डर आणि आरएसए किल्ल्या.

एक फास आधीच सोडवून ठेवा. बॅकअपचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये, व्हॉल्ट सर्व्हरवर, आणि सर्व्हरच गेला तर व्हॉल्ट परत आणायला बॅकअप हवा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की तो परत मिळवण्याची कसलीच वाट नाही. म्हणून व्हॉल्टचा मुख्य पासवर्ड, रेस्टिकचा पासवर्ड आणि डिस्कच्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहा, दोन प्रती करा, दोन घरांत ठेवा. त्याच कागदावर घरच्यांसाठी चार ओळी लिहा : बॅकअप कुठे आहे, कुठल्या साधनाने घेतला, कुणाला विचारावं. तुमच्या अनुपस्थितीत घरच्यांना फोटो मिळायचे असतील तर या कागदाला पर्याय नाही.

एकट्यापुरतंच असेल तर व्हॉल्टवॉर्डनचा व्याप नकोच. कीपासएक्ससी या पासवर्ड ॲपची एक फाइल पुरे.

प्रश्न : ईमेल सर्व्हरही स्वतःचा लावायचा आहे. जमेल?

उत्तर : घरून नका लावू. बऱ्याच कंपन्या घरगुती जोडणीवर पत्रं पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या हातात नसतो, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) सगळं बिनचूक लावूनही घरगुती पत्त्यावरून आलेलं पत्र स्पॅममध्ये पडतं. स्वतःचं डोमेन घ्या आणि पेटी भाड्याने घ्या. सेवा आवडेनाशी झाली तर एमएक्स (पत्रं कुठे पोचवायची हे सांगणारी) नोंद बदलून दुसरीकडे जाता येतं, पत्ता तोच राहतो. ईमेलमध्ये जपण्यासारखी मालकी पत्त्याची आहे.

प्रश्न : सर्व्हर चोरीला गेला तर डेटा वाचता येऊ नये म्हणून लक्स (लिनक्समधलं डिस्कचं कुलूप) लावलं. आता वीज गेली की सर्व्हर पासवर्ड मागत अडून राहतो. नेक्स्टक्लाउडचं स्वतःचं एन्क्रिप्शन वापरू का?

उत्तर : त्याने ही गरज भागणार नाही. नेक्स्टक्लाउडच्या सर्व्हरवरच्या एन्क्रिप्शनमध्ये किल्ल्याही त्याच सर्व्हरवर असतात. ते बाहेरच्या भाड्याच्या साठ्यासाठी उपयोगी, चोरीसाठी नाही. लक्सच ठेवा.

अडून राहण्यावर उपाय ड्रॉपबेअर. सिस्टीम उठण्याआधीच्या टप्प्यात तो छोटा एसएसएच सर्व्हर चालू होतो, तुम्ही दुरून पासवर्ड टाकता आणि यंत्र पुढे जातं. त्या टप्प्यात सर्व्हरवरचा वायरगार्ड अजून उठलेला नसतो, म्हणून घराबाहेरून करायचं असेल तर वायरगार्ड राउटरवर हवा. दुसरा सोपा मार्ग : फक्त डेटाची डिस्क लक्समध्ये ठेवा आणि सिस्टीम मोकळी. यंत्र आपोआप उठतं, मग तुम्ही जोडून डिस्क उघडता. यात डॉकर त्या डिस्कच्या आधी सुरू होता कामा नये. तो आधी सुरू झाला तर रिकाम्या फोल्डरवर नवा, कोरा साठा उभा करतो आणि फोटो गेले असं वाटून धाबं दणाणतं. टीपीएमने (किल्ली यंत्रातच ठेवणाऱ्या चिपने) आपोआप उघडण्याची सोय मोहक आहे, पण आख्खी पेटी उचलून नेली तर ती चोराकडेही तशीच आपोआप उघडते.

लक्स२ चं शीर्ष साधारण १६ एमबीचं असतं. तेवढा भाग खराब झाला तर बरोबर पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही. शीर्षाची प्रत घेऊन दुसरीकडे ठेवा. पुढे पासवर्ड बदलला तर ती जुनी प्रत नष्ट करा आणि नवी घ्या, कारण जुन्या शीर्षाला जुना पासवर्ड चालतोच.

प्रश्न : नेक्स्टक्लाउड 'लेटेस्ट' वर (आवृत्तीच्या आकड्याऐवजी 'सर्वांत नवी') ठेवला होता. काही महिन्यांनी अपडेट केला आणि आता सुरूच होत नाही.

उत्तर : नेक्स्टक्लाउडला मुख्य आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते. कंपोझमध्ये 'लेटेस्ट' काढा, ज्या आवृत्तीवर डेटा आहे तिचाच आकडा लिहा, सुरू करा, मग पुढचा आकडा, पुन्हा सुरू करा, असं वर या. पोस्टग्रेसचंही 'लेटेस्ट' असेल तर तेही बदला. त्याची मुख्य आवृत्ती बदलली की जुनं डेटाचं फोल्डर नव्याला वाचता येत नाही. जुन्या आवृत्तीत डंप काढून नवीत भरावा लागतो. प्रत्येक पायरीआधी डंप घ्या.

प्रश्न : सर्व्हर वगैरे नको. फोनमधली कागदपत्रं आणि फोटो लॅपटॉपवर आले की बस. पण मधे कुठली कंपनी नको.

उत्तर : सिंकथिंग लावा. दोन यंत्रं एकमेकांची ओळख पटवून थेट बोलतात. थेट जमलं नाही तर मधला रिले वापरला जातो, पण त्यातूनही मजकूर कुलूपबंदच जातो. फोनवरचं फोल्डर 'फक्त पाठव' आणि लॅपटॉपवरचं 'फक्त घे' असं ठेवा.

फोनवर जागा करण्यासाठी फोटो पुसाल तेव्हा लॅपटॉपवरचेही पुसले जातील. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे लगेच जाणवतं. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला त्या फोल्डरचं फाइल व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे पुसलेली किंवा बदललेली फाइल त्याच फोल्डरमधल्या '.एसटीव्हर्जन्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. 'ट्रॅशकॅन' प्रकार निवडून दिवसांच्या जागी शून्य टाकलं तर ती तिथे कायम राहते. कायम ठेवायचे फोटो मात्र महिन्यातून एकदा सिंकच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि मगच फोनवरून पुसा. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या सोयीतून सिंकथिंगला वगळावं लागतं, नाहीतर स्क्रीन बंद झाली की तो थांबतो आणि आठवडाभर काही आलंच नाही हे नंतर लक्षात येतं.